साइड रिदमची खुर्ची

आमचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, गणपतीत होतं. गणपती, मागोमाग नवरात्र, मग दिवाळी पहाट, तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई, डिसेंबर-जानेवारीत शाळा-कॉलेजांची गॅदरिंग, चैत्र आला की जोतिबापासून सुरू होऊन गावोगावच्या जत्रा, आणि आषाढी एकादशी झाली की एकदम शांत, श्रावणात भजनं आणि एखादी सत्यनारायणाची सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचं बोलावणं, मिळाली तर मिळाली. मी कोल्हापुरात तबला आणि ढोलकी वाजवतो, घर त्याच्यावरच चालतं, आणि हल्ली नवीन पोरं भेटली की एकच विचारतात, दादा यात पैसा आहे का.

आहे. पण एका जागी नाहीय, आणि तो कधीच एका जागी नव्हता. माझ्या घरात जे पैसे येतात त्यातले जवळपास निम्मे शिकवणीचे, बाकीचे सुपाऱ्यांचे, अधूनमधून स्टुडिओत एखादं रेकॉर्डिंग, ते बहुतेक भक्तिगीतांचं नाहीतर निवडणूक आली की प्रचारगाण्यांचं, आणि थोडे वाद्यदुरुस्तीचे, कारण मला तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, बसवता येते आणि हे काम करणारे हात आता गावात कमी राहिलेत. यातलं एक जरी बंद पडलं तरी महिना ओढाताणीचा जातो, २०२० ला सगळंच एकदम बंद पडलं तेव्हा काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय, माझ्या ओळखीच्या चांगल्या चांगल्या वादकांनी भाजीचा गाडा लावला, काही जण उद्यमनगरातल्या कारखान्यांत कामाला गेले आणि त्यातले काही परत आलेच नाहीत.

आणि खर्च कुणाला दिसत नाही. तबलजी चार-चार तबले घेऊन फिरतो ते लोकांना हौस वाटते. पुरुष गाणार असला की काळी एक, काळी दोन, बाई गाणार असतील तर काळी चार नाहीतर पाच (पेटीच्या काळ्या पट्ट्यांवरून मोजायचे हे सूर), आणि त्यात आयत्या वेळी "आज घसा बसलाय, एक सूर खाली घेऊया" असं झालं तर दुसरा तबला पिशवीत लागतोच, कारण एकाच तबल्याला तुम्ही किती चढवणार-उतरवणार, फार ताणलं की वरचं पान फाटतं. पावसाळ्यात कातडं ओल धरतं. संध्याकाळी सहाला मिळवून ठेवलेला तबला नऊला उतरलेला असतो, आणि ढोलकीचं पान सैल पडलं की कडक बोल निघतच नाही, मग स्टेजमागं हॅलोजनसमोर धरून ती शेकायची, जास्त शेकली तर शाई तडकते, कमी शेकली तर पहिल्या लावणीलाच आवाज बसतो. आयोजकाला मात्र तासाभराचंच वाजवणं दिसतं. आमच्यात पद्धतच पडलीय की गायकाचा आकडा आधी ठरतो, साउंडवाल्याचा ठरतो, मंडपवाल्याचा ठरतो, आणि साथीदारांचं काय तर "ते तुम्ही आपापसात बघा". वरून देवाचं काम आहे, कलेची सेवा आहे. सेवा आम्हीही करतो, अंबाबाईच्या दारात वाजवायला मिळालं तर मी पैसे विचारत नाही, पण सेवा कुठं करायची ते करणाऱ्यानं ठरवायचं असतं, करवून घेणाऱ्यानं नव्हे.

पण आज मला पैशापेक्षा दुसऱ्या एका गोष्टीबद्दल लिहायचंय, कारण पैशाबद्दल आम्ही चहाच्या टपरीवर रोजच बोलतो आणि याच्याबद्दल कुणीच बोलत नाही. ती गोष्ट म्हणजे साइड रिदमची खुर्ची.

नव्वदच्या दशकात आमच्या भागात, कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली सगळीकडं, ऑर्केस्ट्रा जोरात होते. स्टेजवर उजव्या अंगाला ढोलकी-तबला, काँगो, ड्रमसेट, आणि त्यांच्या मागं एक खुर्ची असायची, तिच्यावर सगळ्यात लहान पोरगं बसायचं. त्याच्यापुढं एक पत्र्याची पेटी, तिच्यात खंजिरी, दिमडी, मंजिरी, खुळखुळे, टाळ, एखादी घुंगरांची पट्टी. कुठल्या गाण्याला काय लागतंय ते त्यानं बघायचं. मी त्या खुर्चीवर बसून मोठा झालो. पैसे म्हणाल तर येण्याजाण्याचं भाडं, रात्रीचं जेवण आणि वर थोडी चिल्लर. पण तिथं जे मिळालं ते मला नंतर कुठल्याच क्लासमध्ये मिळालं नाही.

आमचे ढोलकीवाले अण्णा होते, सगळे त्यांना अण्णाच म्हणायचे. त्यांनी मला पहिल्या काही महिन्यांत एकही बोल शिकवला नाही. फक्त म्हणाले, "माझ्या हाताकडं बघू नको रं, बाई गात्यात त्यांच्या तोंडाकडं बघ. श्वास घेतला की वळखायचं, ओळ आली." बास. मी रात्र रात्र गायिकेचा गळा आणि खांदे बघत खंजिरी वाजवायचो. हळूहळू कळायला लागलं की अंतरा संपवून मुखड्यावर येताना ती मान किंचित डावीकडं वळवते, की लोकांनी वन्स मोअर दिला आणि ती खूश झाली की लय एक पाऊल पुढं सरकते आणि ती मागं ओढायची नसते, तिच्याबरोबर जायचं असतं, आणि गायक शब्द विसरला की दोन मात्रा भरून काढायच्या म्हणजे पब्लिकला कळत नाही. साथ म्हणतात ती हीच. कायदे, रेले, चक्रदार या तबल्याच्या ठरलेल्या रचना मी नंतर गुरुजींकडं रीतसर शिकलो, परीक्षा दिल्या, पण सुपारी मिळते ती साथ येते म्हणून मिळते, कायदा येतो म्हणून नाही.

मग ऑक्टोपॅड आला. एका स्टँडवर आठ रबरी चौकोन, त्यात काँगो, खंजिरी, टाळ्या, घुंगरू सगळं भरलेलं. लोक म्हणतात ऑक्टोपॅडनं ढोलकीवाल्याला मारलं, ते मला तितकंसं खरं वाटत नाही, चांगला ढोलकीवाला आजही मागणी असलेला माणूस आहे, लावणीला आणि गोंधळाला खऱ्या चामड्याशिवाय रंग भरत नाही हे आयोजकालाही कळतं. ऑक्टोपॅडनं खाल्ली ती मागची खुर्ची. तरी त्या काळात निम्मी टीम जिवंत होती. पुढं मायनस ट्रॅक आले, लॅपटॉप नाहीतर मोबाइलवर गाण्याचा वाजवलेला भाग तयार असतो, गायक फक्त वरून गातो. आता लग्नातल्या संगीताच्या कार्यक्रमाला दोन गायक, एक निवेदक आणि एक लॅपटॉपवाला एवढ्यावर भागतं. वधूपित्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याचे पैसे वाचतात, स्टेज लहान लागतं, जेवणाची पानं कमी. मी स्वतः ट्रॅकवर ढोलकी वाजवतो, ट्रॅक चालू असतो आणि मी एकटा वरून लाइव्ह, लोकांना बघायला ढोलकी लागते म्हणून. ट्रॅक मात्र कुणाची वाट बघत नाही. गायिकेला अंतरा परत घ्यावासा वाटला तर घेता येत नाही, श्वास कमी पडला तर ट्रॅक पुढं गेलेला असतो. मग तिचे खांदे बघायला शिकून करायचं काय?

बरं, हे पहिल्यांदाच घडतंय असंही नाही, कोल्हापूर तर या बाबतीत जुनं जाणतं आहे. शाहू महाराजांनी कलावंतांना आसरा दिला, अल्लादिया खाँसाहेब इथल्या दरबारी गवई होते, १८८३ पासूनचा देवल क्लब आहे, १९१५ ला महाराजांनी पॅलेस थिएटर बांधलं तेच पुढं केशवराव भोसले नाट्यगृह झालं. तेव्हा संगीत नाटकांच्या कंपन्यांत ऑर्गन, तबला, सारंगीवाले पगारावर असायचे. मग सिनेमा आला. बाबूराव पेंटर इथं मूकपट काढत होते, आणि मूकपट म्हणजे थिएटरात पडद्यापुढं पेटी-तबला घेऊन माणसं बसलेली, पडद्यावर घोडा पळाला की यांनी पळवायचा. १९३२ ला प्रभात फिल्म कंपनीनं इथंच, कोल्हापुरात, 'अयोध्येचा राजा' केला, गोविंदराव टेंबे त्यात हरिश्चंद्र झाले आणि संगीतही त्यांचंच, आणि गोविंदराव मूळचे पेटीवाले, साथीच्या पेटीला स्वतःचं नाव मिळवून देणारे. पण तोच बोलपट थिएटरात लागला की पडद्यापुढच्या पेटीवाल्याचं काम संपलं. त्या पेटी-तबलेवाल्यांची नावं मी बऱ्याच जुन्या लोकांना विचारून बघितली, एकही मिळालं नाही. वर्षभरात प्रभात पुण्याला गेली, १९३३ ला. म्हणजे आज ट्रॅकमुळं आपल्यावर जे आलंय ते आपल्या पणजोबांच्या वयाच्या वादकांवर एकदा येऊन गेलंय. फरक एवढाच की बोलपटानं एक खुर्ची काढली तशा दुसऱ्या दिल्याही, तेव्हा प्लेबॅक नव्हतं, शूटिंग चालू असताना वादक कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे बसून वाजवायचे, म्हणजे वादक लागायचेच. आत्ताच्या बदलानं नवीन खुर्ची कुठं ठेवलीय ते मी शोधतोय.

शास्त्रीयमध्ये पण हेच झालं, फक्त तिकडं आवाज न होता झालं. पूर्वी बुवांच्या मागं दोन तंबोरे असायचे आणि ते धरून त्यांचे शिष्य बसायचे. ती शोभा नव्हती. पूर्ण मैफल गुरूच्या पाठीमागून ऐकायची, राग कसा उघडला, तबलजीला खूण कशी केली, श्रोते थंड पडले तेव्हा काय केलं, सगळं एका हाताच्या अंतरावरून, आणि मधे एखादा आलाप करायची परवानगी मिळाली तर तीच त्याची पहिली मैफल. आता मोबाइलवर तानपुरा ॲप लावून माईकजवळ ठेवला की झालं, आयोजकाचं दोन माणसांचं भाडं वाचलं. पेटीवर लेहरा, म्हणजे तबलजी एकटा वाजवताना मागं फिरत राहणारी धून, धरणाऱ्याचंही तेच, लेहऱ्याचं ॲप आहे, लय एकदाही हलत नाही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आम्हा सगळ्यांना अभिमान वाटला, मिरज काय लांब आहे, तासा-दीड तासावर. पण तो तंबोरा मांडीवर घेऊन मागं बसणारा तयार व्हायचा असेल तर त्याला मागं बसायची जागा पाहिजे.

शिकवणीचं काय, तर शिकवणीला पोरं भरपूर आहेत, हे मी आनंदानं सांगतो. गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षांमुळं दहावीला सवलतीचे गुण मिळतात म्हणून बरेच पालक आणून सोडतात, त्यातली निम्मी दहावी झाली की तबला कपाटावर ठेवतात, पण चार-दोन राहतात आणि ती खरी तयारीची असतात. शिवाय ऑनलाइन क्लास, बाहेर देशातली आपलीच मराठी पोरं शनिवार-रविवारी सकाळी बसतात, फी वेळेवर येते, ऑनलाइननं मला तरी मोठा आधार दिलाय. पण ऑनलाइनवर दोघांनी मिळून वाजवता येत नाही, आवाज जायला-यायला वेळ लागतो, मी सम (तालाची पहिली मात्रा) दिली की ती तिकडं उशिरा पोचते आणि त्याची माझ्याकडं त्याहून उशिरा. मग काय करायचं, मी वाजवायचं त्यानं ऐकायचं, मग त्यानं वाजवायचं मी ऐकायचं. बोल शुद्ध होतात, हात तयार होतो, साथ येत नाही. माझ्याकडं विशारद झालेला एक पोरगा आहे, हात असा की मी खूश होऊन जातो, तो पहिल्यांदा एका अभंगाला बसला आणि गाणारी आजी लय सोडून भावात गेली तशी याची मान खाली ती खालीच, मात्रा मोजत होता. त्याचा दोष नाही. त्याला कुणी तोंडाकडं बघायला बसवलंच नव्हतं.

खुर्च्या शिल्लक आहेत त्या तळाशी, आणि मला त्या सगळ्यात मोलाच्या वाटतात. भजनी मंडळं. सप्ताह. सोंगी भजनाच्या गावागावातल्या टीम, त्यात पाचवीतलं पोरगं टाळ घेऊन उभं असतं. हलगी, घुमकं (तिच्या साथीचं चर्मवाद्य), कैताळ (झांज), यात तर शिकवणीची फीच नसते, वस्तादाच्या मागं फिरायचं, आधी कैताळ हातात मिळतो, तो सांभाळला की घुमकं, आणि हलगी कधी मिळणार ते वस्ताद ठरवतो. खासबाग मैदानात कुस्तीला हलगी कडाडली की पैलवानाच्या आधी बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. धनगरी ढोलाचंही तसंच. मध्यंतरी डॉल्बीनं या सगळ्यांची मिरवणूक बंद पाडली होती, छातीत धडधडायला लागेल असा आवाज, बारक्या पोरांना आणि म्हाताऱ्यांना त्रास, आता बरीच मंडळं पारंपरिक वाद्यांकडं परत वळलीत, त्याबद्दल त्या कार्यकर्त्यांचे खरंच आभार मानले पाहिजेत. फक्त त्यांनी हलगीवाल्याला डॉल्बीच्या भाड्याच्या निम्मे तरी द्यावेत. गडी दुपारपासून पहाटेपर्यंत चालत वाजवतो, बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळून, आणि उतारवयात त्याच्यासाठी काय, तर सरकारची ज्येष्ठ कलाकारांची मानधन योजना आहे, राजर्षी शाहू महाराजांच्याच नावानं, महिना ५,००० रुपये, पन्नाशी उलटलेल्याला अर्ज करता येतो. आहे ते चांगलं आहे, पण त्याला कला सादर केल्याचे पुरावे लागतात आणि हलगीवाल्याचं नाव कुठल्या पत्रिकेत छापलेलं असतंय? म्हणून मी आता प्रत्येक कार्यक्रमाच्या पत्रिकेवर सगळ्या वादकांची नावं टाकायला लावतो, कैताळवाल्यासकट, आणि एक प्रत त्यांना घरी नेऊन ठेवायला सांगतो.

रात्री दहाच्या नियमाबद्दल वादकांत दोन गट आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी दहानंतर लाउडस्पीकर बंद झाला, सणाचे ठरावीक दिवस सोडून, आणि रात्रभर चालणारे ऑर्केस्ट्रे तिथंच संपले. मला नियम बरोबर वाटतो. नुकसान झालं ते झालं.

यूट्यूब आणि स्ट्रीमिंगचं थोडक्यात सांगतो कारण पोरं फार आशेनं विचारतात. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे यायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचा वॉचटाइम लागतो (नाहीतर शॉर्ट्सचे प्रचंड व्ह्यूज), स्पॉटिफायवर २०२४ पासून एखादं गाणं वर्षात १,००० वेळा वाजलं नाही तर त्याचा रुपयाही मिळत नाही. व्हिडिओ टाका, जरूर टाका, सुपाऱ्या त्यातून येतात, माझ्या आल्यात. पण पैसे तिथून येतील या हिशोबानं घर चालवू नका. आणि रेकॉर्डिंगला गेलात तर कागद वाचून सही करा, २०१२ ला कॉपीराइट कायद्यात जी दुरुस्ती झाली त्यात वादन करणाऱ्यालाही व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा हक्क दिलाय, आपण मात्र पाकीट घेऊन, चहा पिऊन घरी येतो.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. मी त्या रात्री खासबागेच्या कोपऱ्यावर उभा होतो, आजूबाजूला नाटकवाले, बॅकस्टेजवाले, लाइटवाले, सगळे, कुणी कुणाशी बोलत नव्हतं, मोठी मोठी माणसं रडत होती. पुन्हा बांधायचं काम हाती घेतलंय आणि ते होईल. पण तोवर काय बंद पडलं बघा. तिथं नुसती मोठी नाटकं होत नव्हती, गल्लीतल्या क्लासची गुरुपौर्णिमा तिथं व्हायची, शाळेची गॅदरिंग, हौशी स्पर्धा, आणि त्या रंगमंचावर, शाहू महाराजांनी बांधलेल्या, सातवीतलं पोरगं मंजिरी घेऊन बसलेलं असायचं. तिथं एकदा बसलेलं पोरगं परत नुसत्या क्लासपुरतं राहत नाही, हे मी कितीतरी पोरांचं बघितलंय.

तर आता आम्ही काय करतोय ते. माझ्या सुपारीत पाच माणसं असली तर मी सहा लिहितो. सहावा साइड रिदम. आयोजक विचारतात हा कशाला, मी सांगतो, हा असला की गाणं भरीव लागतं, आणि खरंच लागतं, खंजिरी माणसाच्या हातात असली की गाणं हलतं. काही जण मानतात. नाही मानलं तर आम्ही पाच जण आपापल्या पाकिटातून थोडं थोडं काढतो, पण त्याचं पाकीट वेगळं आणि त्याच्या नावाचं, "जेवण झालं ना, मग बास" असं नाही. सध्या बावड्याचा एक पोरगा येतोय, दिवसा शिरोलीत एमआयडीसीत कामाला असतो. पहिल्यांदा आला तेव्हा सारखा माझ्या हाताकडं बघायचा. मी त्याला अण्णांनी सांगितलं तेच सांगितलं. परवा कागल भागात एका लग्नात गवळण चालू होती, लाइव्ह, ट्रॅक नाही, गाणाऱ्या ताईंनी एकदम शेवटची ओळ तशीच अधांतरी सोडली आणि डोळे मिटले, ठरलेलं नव्हतं. मी हात उचलला तेव्हा याची खंजिरी आधीच थांबलेली होती. ताईंनी मागं वळून त्याच्याकडं बघितलं. गाडीत बसल्यावर विचारलं, तुला कसं कळलं रे, तर म्हणतो, "दादा, त्यांनी श्वासच घेतला नाही की."

आणखी दोन ग्रुपांनी हे सुरू केलंय, एक भावगीतांचा आणि एक नुसत्या लावण्या करणारा. शास्त्रीयवाल्या एक ताई आता ॲप असूनही मागं एक तंबोरा ठेवतात आणि त्यावर शिष्येला बसवतात, प्रवासखर्च त्यांचा. यंदा गणपतीच्या सुपाऱ्या धरताना मी आकडे लिहूनच देणार आहे, वरून खाली नाही, खालून वर, पहिली ओळ साइड रिदम, मग तबला-ढोलकी, पेटी, कीबोर्ड, शेवटी गायक, निम्मा ॲडव्हान्स तारीख धरतानाच आणि उरलेला स्टेजवर चढायच्या आधी. आमचे गायक याला तयार आहेत, त्यांचं मन मोठं. ज्या ग्रुपना पटतंय त्यांनी आपल्याकडचं एक-एक पोरगं नाहीतर पोरगी पाठवा, पोरी या खुर्चीवर फार कमी दिसतात, त्या आल्या पाहिजेत. गणपतीच्या आधीचे रविवार आमच्या क्लासच्या खोलीत सकाळी सगळ्यांनी बसायचं ठरलंय, गाणारे पण येणार आहेत, खंजिरी आणि दिमडी आमच्याकडं आहेत, टाळ मात्र ज्याचा त्यानं आणा.